लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना नक्की काय विचारायचं? (डिसेंबरातलं लग्न, सातारा)

मोगरा_९९

नमस्कार मंडळी. येत्या डिसेंबरात माझं लग्न आहे. मी पुण्यात नोकरीला, माहेर साताऱ्याचं, सासर कराडचं. कार्यालय, आचारी, भटजी, मेंदीवाली सगळं ठरलं. घोडं अडलंय ते फोटोवाल्यापाशी.

दोन कोटेशनं आली आहेत. एक साताऱ्यातल्याच स्टुडिओचं, ७० हजार: दोन दिवस, एक फोटोवाला, एक व्हिडिओवाला, एक अल्बम. दुसरं पुण्याच्या टीमचं, १ लाख ८५ हजार: दोन कॅन्डिड (नकळत टिपणारे), एक ट्रॅडिशनल, सिनेमॅटिक व्हिडिओ, ड्रोन आणि प्रीवेडिंग (लग्नाआधीचं फोटोशूट). बाबा म्हणतात, "फोटोच ना? आमचं लग्न छत्तीसच्या एका रोलात उरकलं." होणारा नवरा इन्स्टावर पुण्याच्या टीमचं काम बघून वेडा झालाय. मला दोघांचंही पटतं आणि कुणाचंच पटत नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी हळद, दुसऱ्या दिवशी सकाळी साखरपुडा, १२ वाजून ३७ मिनिटांचा मुहूर्त, संध्याकाळी वरात कराडला. या धंद्यातलं कुणी असेल तर सांगा, त्यांना विचारायचं काय? कॅमेऱ्याचं मॉडेल विचारून मला काही कळणार नाही.

काठापदर

धंद्यातली नाही, पण गेल्या वैशाखात मुलाचं लग्न केलंय म्हणून एकच सांगते. ड्रोन घेऊ नका. मंगलाष्टका चालू आणि डोक्यावर हा भुंगा. माझ्या सासूबाई नव्वदीच्या, त्या शेवटपर्यंत विचारत होत्या, "मिक्सर कोण लावतंय?" आता व्हिडिओत वरून दिसतं काय, तर मांडवाचं कापड आणि जनरेटर.

बोहल्याजवळचा

मोगराताई, मी साताऱ्यात १४ वर्षं हेच करतो. आधीच सांगतो, तुमच्याकडच्या दोन्हींपैकी एकही कोटेशन माझं नाही. असतं तर गप्प बसलो असतो.

कॅमेऱ्याचं मॉडेल विचारू नका हे बरोबरच. त्याऐवजी म्हणा, "एका लग्नाचे सगळे फोटो दाखवा." सगळे म्हणजे ग्राहकाला दिलेले सहाशे-सातशे, सकाळपासून वरातीपर्यंत. इन्स्टावरचे तीस फोटो तीस लग्नांतले असतात. माझ्याही पानावर आहेत की, मी काय वेगळा नाही. पण तुमचं लग्न एकच असणार, तेही भर दुपारचं, कार्यालयातलं. तेव्हा तसंच दुपारच्या मुहूर्ताचं, कार्यालयातलं लग्न मागा. त्यात पंगत बघा, विहिणी बघा, कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली आजी आहे का बघा. नवरीचे फोटो सगळ्यांचेच बरे येतात. कन्यादानाच्या वेळी बाप कुठे बघत होता, ते ज्याच्याकडे सापडतं तो माणूस घ्या. मग तो सत्तर हजारांचा असो नाहीतर पावणेदोन लाखांचा.

दुसरं, "प्रत्यक्ष कोण येणार?" यंदा अधिक ज्येष्ठ आला, १७ मे ते १५ जून लग्नं बंद. पाठोपाठ चातुर्मास. त्यामुळे तुळशीचं लग्न लागलं की जी झुंबड उडणार आहे ती विचारू नका. एकाच तारखेला तीन ऑर्डरी घेणारे स्टुडिओ आहेत. मालक बोलणी करायला येतो आणि लग्नाला येतो तो कालच फोन करून बोलावलेला पोरगा. पोरगं वाईट असेल असं नाही, मीही तसंच पोरगं होतो. पण ज्याचं काम बघून तुम्ही होकार दिला त्याचं नाव कागदावर लिहून घ्या.

आता आमचा दिवस कसा जातो ते सांगतो, म्हणजे तुमच्या हातात काय आहे ते कळेल.

आदल्या रात्री हळद उरकून घरी यायला बारा वाजतात. आल्यावर झोप नाही. आधी कॅमेऱ्याची मेमरी कार्डं दोन डिस्कवर उतरवायची, मग बॅटऱ्या चार्जिंगला, मग ब्लोअरने कॅमेऱ्यातली हळद काढायची. ती लेन्सच्या कड्यांत बसते आणि पार माघापर्यंत निघत राहते. पहाटे पावणेपाचला उठून सहाला कार्यालयात. तिथे पहिलं काम म्हणजे छत बघणे. पांढरं स्लॅबचं असेल तर देव पावला, फ्लॅश वर मारला की सगळीकडे मऊ उजेड पडतो. भगवं-लाल कापड ताणलेलं असेल तर तोच उजेड भगवा होऊन खाली येतो आणि नवरीसकट सगळं वऱ्हाड काविळीचं दिसतं.

दुसरं काम, स्टेजचे दिवे. मोगराताई, बाकी सगळं विसरलात तरी हे तुमच्या डेकोरेशनवाल्याला सांगाच: मुहूर्ताच्या वेळी निळे-जांभळे एलईडी बंद. त्यांना ते भारी वाटतात. चेहऱ्यावर जांभळा दिवा पडला की त्वचेचा रंग असा जातो की नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. दोन साधे, पांढरट-पिवळे दिवे समोरून चेहऱ्यावर, बस्स. शिवाय मागे एलईडीची भिंत लावणार असाल तर फोटोवाल्याला आधी कळवा. हे दिवे डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगात लुकलुकतात, फोटोत मात्र आडवे काळे पट्टे येतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरचे साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, तिथे शटर सेकंदाच्या एक शतांशावर ठेवलं की भागतं. एलईडी भिंतीचं गणित ज्याचं त्याचं निराळं. आदल्या दिवशी पाच मिनिटं चाचणी करून बघावी लागते.

मग नवरीची खोली. कार्यालयवाले ही खोली जिन्याखाली का ठेवतात हे मला १४ वर्षांत कळलेलं नाही. ट्यूबलाइट एक, पिशव्या चाळीस, माणसं बावीस. तुम्ही आत्ताच जाऊन खिडकी असलेली खोली मागून घ्या. मोठ्या खिडकीजवळ एका कुशीला उजेड घेऊन बसलात की हजार रुपयांची साडी पैठणीसारखी दिसते. आणि मेकअपवाली "दीड तास" म्हणाली की कागदावर अडीच तास धरा. ती उशीर करते, पण मुहूर्त काही पुढे जात नाही, तेव्हा कात्री लागते ती तुमच्या फोटोंना.

मुहूर्त पुढे जात नाही असं म्हणालो, पण आपल्याकडे जातो. पाहुण्यांचे फेटे, सत्कार, कुणीतरी साहेब निघालेत, पोचतायत, आले, माइकवर शुभेच्छा. १२:३७ चा मुहूर्त मी १:२० ला लागलेला पाहिलाय. तोवर पुढच्या रांगेतल्या पोरांचं रडून झालेलं असतं आणि नवरीच्या कपाळावर घाम. घरातल्या एखाद्या खमक्या काकांना सत्काराच्या यादीवर बसवा.

अंतरपाटाचं सांगतो, कारण सगळा जीव तिथे असतो. मी स्टेजवर चढत नाही. अंतरपाटाच्या रेषेत, खाली उभा राहतो. तिथून कापडाच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोन्ही चेहरे एकाच वेळी दिसतात. ते दोघं एकमेकांना बघू शकत नाहीत, मी मात्र दोघांना बघत असतो. नवरा बहुतेक वेळा बुटांकडे बघतो. नवरी कापडावरच्या स्वस्तिकाकडे. भटजींना आधीच विचारून ठेवतो, "गुरुजी, कुठल्या बाजूला ओढणार?" शेवटचं "सावधान" झालं की ताशा कडाडतो, पाट बाजूला होतो आणि जेमतेम एक सेकंद असा असतो की त्या दोघांना आपल्याकडे हजार माणसं बघतायत याचा विसर पडलेला असतो. पुढच्या सेकंदाला हार, हशा, नवऱ्याला उचलणारे मित्र. त्या एका सेकंदासाठी मी डोळा काढत नाही, अक्षता कानात गेल्या तरी.

आणि त्याच सेकंदाला माझ्यासमोर सव्वाशे मोबाइल वर होतात. यावर उपाय एकच. मंगलाष्टका सुरू व्हायच्या आधी गुरुजींनी माइकवर सांगायचं, "दोन मिनिटं मोबाइल खाली." त्यांचं ऐकतात. मी सांगितलं तर, "तू कोण रे?"

शेवटचं, आणि हे फोटोवाल्याला नाही, घरात सांगायचं. दोन्हीकडचा एकेक माणूस आमच्या सोबत द्या, ज्याला सगळी भावकी चेहऱ्यानिशी ठाऊक आहे. तिशीतली आत्तेबहीण सगळ्यात बरी. कोण मामा, कोण मामेसासरे, कोण कुणाशी बोलत नाही, हे मला कसं कळणार? एका लग्नात मी दोन चुलत्यांना हौसेने खांद्यावर हात टाकायला लावले. सगळा मांडव गप्प. नंतर कळलं, बांधावरून कोर्टात केस चालू होती. (फोटो छान आलाय. कुणीच घेतला नाही.)

मोगरा_९९

दादा, हे वाचून मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा "साहेब निघालेत"ला इतके हसले की त्यांनाच सत्काराच्या यादीवर बसवते आता!

अजून विचारू का? एक, पुण्याची टीम म्हणते रॉ फाइली (कॅमेऱ्यातल्या मूळ, न सुधारलेल्या) देणार नाही. दोन, त्यांच्या कागदात लिहिलंय की फोटो त्यांचे, ते कुठेही टाकू शकतात. हे असंच असतं का? तीन, प्रीवेडिंग. आणि आत्याबाई म्हणतायत, "मंगलाष्टकांत नको तर निदान वरातीत तरी ड्रोन."

पडद्यामागे

मी पुण्याच्याच एका टीमसाठी व्हिडिओ एडिट करतो, म्हणून आमची बाजू. १ लाख ८५ हजार ऐकून लूट वाटते, पण चार माणसं दोन दिवस, प्रवास, मुक्काम आणि नंतरचं काम बघा. फोर-केचा एक तास म्हणजे साधारण ४५ जीबी. दोन कॅमेऱ्यांचं चौदा तासांचं शूटिंग येतं आणि त्यातून मी पाच मिनिटं काढतो. त्या पाच मिनिटांना मला बारा-तेरा दिवस लागतात. मांडवातला गोंगाट काढून फक्त वडिलांचा आवाज वर आणायला एकदा आख्खी रात्र गेली होती. बोहल्याजवळचा यांचं बाकी सगळं मान्य. जांभळ्या दिव्यांबद्दल तर दंडवत.

बोहल्याजवळचा

पडद्यामागे, बरोबर आहे, त्या पैशात काम असतं. मी फक्त इतकंच म्हणतो की ताईंना ते सगळं हवंय का ते त्यांनी ठरवावं. लग्नाची तासाभराची साधी व्हिडिओ आमच्याकडची म्हातारी माणसं दर वर्षी लावून बघतात, कारण त्यात गेलेली माणसं चालताना-बोलताना दिसतात. पाच मिनिटांच्या सिनेमॅटिकमध्ये ती अर्धा सेकंद असतात. दोन्ही मिळत असेल तर उत्तम.

ताई, रॉचं. रॉ म्हणजे न निवडलेलं, न शिजवलेलं धान्य. दोन दिवसांत मी पाचएक हजार क्लिक करतो, त्यातले डोळे मिटलेले, हललेले, एकाच क्षणाचे आठ-आठ वगळून सातशे देतो. बाकीचं कुणाला दाखवायला मलाच संकोच वाटतो. त्यामुळे रॉ न देणं ही बदमाशी नाही. पण त्या फाइली किती दिवस सांभाळणार हे विचारा. मी वर्षभर ठेवतो, मग पुसतो.

कार्डांवरून एक विचारायचं राहिलं होतं: "कॅमेऱ्यात दोन कार्डं एकदम चालतात का?" म्हणजे प्रत्येक फोटो दोन्हीकडे लिहिला जातो. हे मी शहाणपणाने सांगत नाही. २०१६ साली माझ्याकडे एका कार्डाचा कॅमेरा होता. एका हळदीचं कार्ड रात्री वाचेचना. डेटा काढून देणाऱ्याकडे पुण्याला दोन खेपा केल्या, साडेचारशेतले एकेचाळीस फोटो निघाले. मुलीच्या वडिलांना फोनवर सांगायची हिंमत नव्हती, घरी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, आत बघून म्हणाले, "चहा टाका." मी अर्धा कप तसाच ठेवून उठलो. पैसे घेतले नाहीत, पण त्या मुलीकडे तिच्या हळदीचे एकेचाळीसच फोटो आहेत. पुढच्याच महिन्यात कर्ज काढून दोन कार्डांचा घेतला.

मालकीचं. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ बघा. मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा. म्हणजे तुम्ही. पण "उलट करार नसेल तर" हे शब्द आहेत ना, पुण्याच्या कागदातलं ते वाक्य म्हणजे नेमका तो उलट करार. भांडू नका. ते वाक्य बदलून मागा: "आमच्या लेखी संमतीशिवाय फोटो जाहिरातीला वापरणार नाही." बहुतेक जण करून देतात. निदान कपडे बदलतानाच्या खोलीतले आणि लहान मुलांचे फोटो तरी कुठे टाकायचे नाहीत एवढं लिहून घ्या. आणि रक्कम जीएसटी धरून की वर, हेही. १८ टक्के आहे, १ लाख ८५ हजारांवर ३३ हजार ३०० होतात.

प्रीवेडिंग कराच असं नाही. त्याचा फायदा एकच आहे: कॅमेऱ्याची भीती मोडते आणि तुम्हाला कळतं की फोटोवाल्याशी आपलं जमतंय का. त्याला तास पुरतो. माझं विचाराल तर वाईजवळ मेणवलीचा घाट, सकाळी सातला. नाना फडणवीसांचा वाडा, समोर कृष्णा, आणि त्या पायऱ्यांवर कोवळं ऊन तिरकं येतं. धुराची नळकांडी, भाड्याचा पांढरा झगा, काही लागत नाही. साधे सुती कपडे घाला, बारीक चौकडीचे नको, फोटोत लाटा दिसतात. काही जण नोव्हेंबरात फोन करतात, "कासच्या फुलांत करू या." अहो, फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. नंतर तिथे वाळलेलं गवत असतं. आणि फुलं असताना त्यांच्यात उतरून फोटो काढायचा नाही, २०१२ पासून जागतिक वारशात आहे ते पठार.

त्यापेक्षा लग्नाच्या दिवशी पाऊण तास राखून ठेवा. आपल्याकडे मुहूर्तानंतर आहेराची रांग लागते, तुम्ही दोघं तीन वाजेपर्यंत हात जोडून उभे, हसून हसून गाल दुखलेले. जेवून घ्या, अर्धा तास पाय वर करून पडा, आणि साडेचारला बाहेर या. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, साडेचार ते सव्वापाच ऊन मऊ असतं. फोटोवाला, तुम्ही दोघं, आणि चौथं कुणी नाही. करवली तर अजिबात नाही, ती "असं कर, तसं कर" सांगते.

ड्रोनला माझा विरोध नाही, काठापदर यांच्या सासूबाईंचा आहे. वरातीत उडवणार असाल तर नोंदणी आहे का आणि उडवणाऱ्याकडे परवाना आहे का ते बघा, आणि सरकारच्या डिजिटल स्कायच्या नकाशावर जागा लाल, पिवळ्या की हिरव्या पट्ट्यात येते तेही. २०२१ च्या नियमांपासून हे असं आहे. कराडला धावपट्टी आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय.

अल्बमचं उगाच लांबवू नका. फोटो हातात आले की महिन्याच्या आत शंभर-सव्वाशे निवडून द्या. दोघं सोफ्यावर बसून निवडायला गेलात तर भांडण ठरलेलं. आधी वेगवेगळे निवडा, दोघांच्या यादीत आलेले पक्के, उरलेल्यांवर भांडा. माझ्या एका जोडप्याने निवड दिली ती थेट बारशाच्या आमंत्रणासोबत. म्हणाले, "दादा, शेवटच्या पानावर बाळ टाका." टाकलं.

मोगरा_९९

दोघांकडेही एका लग्नाचे सगळे फोटो मागितले. साताऱ्याच्या काकांनी आज सकाळीच पेनड्राइव्ह पाठवला, ६४० फोटो. पंगतीत एक आजोबा नातवाला जिलेबी भरवतायत आणि स्वतःच तोंड उघडलंय, असा एक आहे. आईने तो तीनदा बघितला. पुण्याची टीम "सोमवारी कळवतो" म्हणाली.

आत्तेबहिणीला भावकीची यादी दिली. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "फोटोवाले जेवणार कधी?" हे मला सुचलंच नव्हतं. सांगा ना, कधी वाढायचं?

बोहल्याजवळचा

शेवटच्या पंगतीला आम्हीच असतो. आचारी भांडी घासायला काढत असतो, मठ्ठा संपलेला, भजी गार. आहेराची रांग लागली की एकेकाला आळीपाळीने पंधरा मिनिटं सोडा, तेवढ्यात होतं. तुमच्या आत्तेबहिणीला नमस्कार सांगा. आणि तिलाही कुणीतरी वाढा, त्या दिवशी तिचंही जेवण राहणार आहे.